सुपारीच्या जागी

हे लिहावं की नाही, यावर मी अकरा महिने विचार केला. शेवटी नातच म्हणाली, "आजी, लिही तू. लोक रोज खोटं रचून टाकतात या पेजवर. तुझं तर खरं आहे."

खरं आहे. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रक्तदाबाची गोळी सोडली तर मला काही दुखणं नाही. दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांची नावं मी अजून ओळीने सांगते. जे पाहिलं तेच लिहिते आहे.

तारीख १४ डिसेंबर २०२४. शनिवार. दुपारचे सव्वाचार.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. दिवे गेले नव्हते.

नोएडातलं आमचं घर अकराव्या मजल्यावर आहे. मी, माझी मुलगी रेवती, जावई आणि नात केतकी. जावई मानेसरच्या कारखान्यात असतात. त्या शनिवारीही ते कामावर होते. बाहेर इतकं धुरकं होतं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. फक्त त्याच्या गच्चीवरचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता.

जेवणाच्या टेबलाशी केतकी आणि तिच्या ऑफिसातले दोघं बसले होते. उन्मेष आणि शिवांजली. समोर लॅपटॉप, फरशीवर दोरी, टॉर्च, लोकरी मोजे, मॅगीची पाकिटं. गढवालात बर्फातून चालत जायचं, तंबूत राहायचं, असा बेत चालला होता. त्या जागेचं नाव मी लिहीत नाही. मला ते लिहवत नाही.

"सत्तावीसला पहाटे डेहराडून, तिथून जीप," केतकी सांगत होती. "अठ्ठावीसला पहिला कॅम्प."

"आणि एकोणतीसला माझं नाक गळून पडणार," शिवांजली म्हणाली.

"चलो, मग तुझा घोरण्याचा प्रॉब्लेम सॉल्व्ह," उन्मेष म्हणाला.

मी दिवाणावर बसून मटार सोलत होते. सहज विचारलं, "कोण कोण जाताय?"

"आम्हीच. आम्ही तिघं."

माझा हात थांबला.

"तिघं?"

"आई, प्लीज," स्वयंपाकघरातून रेवतीचा आवाज आला. "आता ते सुरू करू नकोस."

पण मी सुरू केलं. आमच्याकडे एका दारातून तिघं प्रवासाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर माझी आई त्यांच्या पिशवीत एक सुपारी टाकायची. ती चौथी. गाडीत बसताना, उतरताना, सुपारी धरून चौघं मोजायचे. मी दिल्लीला आले तरी ते सोडलं नाही.

"आजी, तू आमची सुपारी देणार?" केतकीने डोळे मोठे केले. सगळे हसले.

उन्मेष म्हणाला, "हसू नका रे. आमची सखुआजी गावाकडे खिशात खडा टाकते. पप्पांची फौजेतली सुभेदारी संपत आली, तरी रजा संपवून निघताना अजून खडा. सुपारी म्हणजे यार, अपग्रेड आहे."

मी देवघरातून सुपारी आणली. उन्मेषने ती माझ्या हातातून घेतली आणि टेबलाच्या चौथ्या खुर्चीवर ठेवली. खुर्चीमागे बाल्कनीचं काचेचं दार होतं.

"बसा साहेब," तो म्हणाला. "तुम्ही चौथे मेंबर. थंडीचा त्रास आहे का काही?"

शिवांजली खिदळली. "हा चौथा मेंबर बिल्कुल बोलत नाही बाबा."

त्यांची मस्करी चालली होती. मीही हसले.

तेवढ्यात कोणीतरी खोकलं.

बारीक, कोरडा खोकला… दोनदा.

"कोण खोकलं गं?" मी विचारलं.

"धुराने सगळी दिल्लीच खोकतेय, आजी," केतकी म्हणाली आणि तिने वाटाड्याला व्हिडिओ कॉल लावला.

वाटाड्या त्या गावचाच. नेगी आडनाव, वय पन्नाशीच्या आसपास, डोक्याला लोकरी टोपी. चेहऱ्याने भला वाटला. त्याने बूट कसले, जाकिटं किती, सगळं नीट विचारलं. बर्फ यंदा लवकर पडलं म्हणाला. मी मटाराचं ताट बाजूला ठेवून ऐकत होते. लॅपटॉपची पाठ माझ्याकडे होती.

बोलणं संपत आलं. मग तो जरा घुटमळला.

"मॅडम जी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना।"

"बोलिए ना, नेगी जी।"

"आप तीनों तो ठीक हो। पर वो जो पीछे भैया बैठे हैं… मफलर वाले… उनको मत लाना। बुखार है उनको। चेहरा देखो ना। बुखार में पहाड़ पे नहीं चढ़ाते किसी को।"

तिघांनी वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. सुपारी होती तिथेच होती. मागे काच, काचेमागे पांढरं धुरकं.

"नेगी जी, हमारे साथ और कोई नहीं है," केतकी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

नेगी स्क्रीनकडे बघत राहिला असावा. मग म्हणाला, "अच्छा जी। नेटवर्क का होगा।" आणि फोन ठेवला.

उन्मेषने हसायचा प्रयत्न केला. "पडदा हलला असेल."

आमच्या बाल्कनीच्या दाराला पडदा नाही.

मी उठले. खुर्चीपाशी गेले आणि सुपारी उचलली.

सुपारी गरम होती.

चुलीजवळ ठेवलेली वस्तू तापते तशी नाही… मूल तापाने फणफणलं असताना त्याच्या कपाळावर हात ठेवावा, तशी.

तो मफलर कोणाचा, ते मला कळलं होतं. तो मी विणला होता.

मला एक मुलगा होता. सुधन्वा. रेवतीहून तीन वर्षांनी मोठा. जानेवारी १९९४ मध्ये तो मित्रांबरोबर गढवालात बर्फात गेला आणि तिथून परत आला नाही. एकवीस वर्षांचा होता. केतकीला मामाचा फक्त फोटो माहीत आहे. आमच्या घरात त्याबद्दल एवढंच बोललं जायचं की त्याला पहाडाचं वेड होतं, कोणाचं ऐकायचा नाही, गेला. माझे यजमान आल्यागेल्याला हेच सांगायचे. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. मंत्रालयातले मोठे अधिकारी, पण मुलाचा विषय निघाला की त्यांना पुढचं वाक्य सुचायचं नाही. "पहाडाचं वेड होतं पोराला," एवढं म्हणून थांबायचे.

मी शेजारी बसून मान डोलवायचे.

त्या शनिवारी मी कोणालाच काही बोलले नाही. सुपारी देवघरात नेऊन ठेवली.

रविवारी भाड्याने घेतलेल्या झोपायच्या पिशव्या आल्या. बर्फात तंबूत झोपताना आत शिरून गळ्यापर्यंत चेन लावतात ना, त्या. तीन होत्या. वास जावा म्हणून केतकीने त्या उघडून बाल्कनीत पसरल्या.

त्या दिवशी ऊन पडलंच नाही. दिवसभर तेच पांढरं धुरकं.

चारच्या सुमारास मी त्या आत घ्यायला गेले. दोन पसरलेल्या होत्या, तशाच.

तिसरीची चेन लावलेली होती. गळ्यापर्यंत.

आणि ती सपाट नव्हती.

मी चेन ओढली… आत कोणी नव्हतं. पण आतून वाफ आली. ऊबदार, दमट. विक्सचा वास.

मी तिथेच खाली बसले. रेवती धावत आली. तिला वाटलं, माझा तोल गेला.

"केतकीला जाऊ देऊ नकोस," मी म्हटलं.

केतकी मागेच उभी होती. "आजी, तिकिटं झालीत. सुट्टी मंजूर झालीय. त्या नेगींना काहीतरी दिसलं म्हणून…"

"त्यांना नीट दिसलं."

"मामा गेला म्हणून मी जन्मभर नोएडात बसू का? मॉलमध्ये ट्रेकिंग करू?"

"केतकी!" रेवती ओरडली. मग माझ्याशेजारी खाली बसली आणि अगदी समजुतीने म्हणाली, "आई, ते वेगळं होतं. दादाला आपणच जायचं होतं. तो कोणाच्या बापाचं ऐकणारा होता का?"

एकतीस वर्षं मी या वाक्यावर मान डोलवत आले होते.

त्या दिवशी डोलवली नाही.

"त्याला जायचं नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

"तू तेव्हा पुण्याला मावशीकडे होतीस. आदल्या रात्री त्याला ताप भरला. सकाळी म्हणाला, आई, माझं अंग मोडून आलंय, मी नाही जात. पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला. हे ऑफिसच्या दौऱ्यावर होते. सात वाजता नीरज, विश्वजित आणि अनुराग आले. त्याला न्यायला. मी म्हटलं, त्याला बरं नाही. ते म्हणाले, ठीक आहे काकू, आम्ही तिघं निघतो."

रेवती माझ्याकडे बघत होती.

"तिघं, रेवती. माझ्या दारातून. तीन आयांची तीन मुलं. मी म्हटलं, थांबा रे, एक मिनिट. डब्यात हात घातला… डब्यात सुपारी नव्हती. आठवड्यापूर्वी सत्यनारायण झाला होता, त्यात सगळ्या संपल्या. दुकानं उघडायची होती. बस चुकेल म्हणून मुलं घाई करत होती."

"आई…"

"मी आत गेले आणि त्याला उठवलं. म्हटलं, ऊठ बाळा, साधा ताप आहे. गोळी घे, बसमध्ये झोप. तू गेलास म्हणजे चौघं होतील. तो म्हणाला, आई, खरंच नको गं. मी मफलर गुंडाळला. छातीला विक्स चोळलं. त्याचं कपाळ हाताला भाजत होतं. तरी पाठवलं."

राहिलं होतं तेही बोलून टाकलं.

"मी सुपारीच्या जागी मुलगा दिला, रेवती."

ते तिघं सुखरूप परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूत त्यांनी सुधन्वाला हाक मारली, तेव्हा त्याने ओ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ असताना एवढ्या उंचीवर कोणी जातं का? अण्णासाहेबांनी उत्तर दिलं, पहाडाचं वेड होतं पोराला. त्याच्या त्या तिन्ही मित्रांनाही वाटलं, त्याचा त्यालाच मोह आवरला नाही. खरं फक्त मला ठाऊक होतं.

रेवतीने एकच विचारलं. "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि कितीतरी वेळ तो तसाच वाहत ठेवला. भांडी घासल्याचा आवाज मात्र आला नाही.

त्यानंतर अकरा दिवस रेवती माझ्याशी कामापुरतंच बोलली. "गोळी घेतलीस?" "ताट वाढलंय." रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

केतकी मात्र रात्री माझ्या अंथरुणात येऊन झोपायला लागली. एकदा अंधारात म्हणाली, "आजी, तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार. खरंच."

हेच मी त्याला म्हणायला हवं होतं. नको असेल तर नको जाऊस. एवढंच.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"हो गं. खूप."

"ताप नाही ना?"

"नाही."

"मग जा. पण तिघंच जा. सुपारी नाही, खडा नाही. चौथा कोणी नको."

माझ्या आईने हे ऐकलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

सव्वीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता तिघं निघाले. काश्मिरी गेटहून त्यांची बस होती. मी त्यांच्या पाठपिशव्या स्वतः तपासल्या. खिसे उलटे केले. उन्मेषने मुकाट्याने पाकीटसुद्धा उघडून दाखवलं.

मी आणि रेवती लिफ्टपर्यंत गेलो.

आमच्या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात. तिघं पिशव्या घेऊन आत उभे राहिले. केतकीने बटण दाबलं. दार मिटत आलं…

आणि परत उघडलं.

तिने पुन्हा दाबलं. दार अर्ध्यावर आलं, थांबलं, उघडलं.

दारात कोणी उभं असलं की लिफ्ट अशी करते.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. शिवांजली भिंतीला चिकटली होती. उन्मेष खाली, दाराच्या पट्टीकडे बघत होता. तिथे काही अडकलेलं नव्हतं.

मग तो खोकला आला. बारीक, कोरडा. माझ्यापासून दीड हातावर.

या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. रेवतीने माझा दंड धरला, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. ती दोन वर्षांची असल्यापासून तो खोकला ओळखत होती.

"दादा," ती म्हणाली.

तो अजून निघालाच होता. मी सांगितलं होतं ना… तू गेलास म्हणजे चौघं होतील. तिघं दिसले की तो निघत होता. ताप अंगात घेऊन, मफलर गुंडाळून, नको असताना.

मी पुढे झाले. माझा आवाज कापरा झाला नाही, एवढं आठवतं.

"सुधन्वा, बाळा, तू नाही जायचंस. तुला ताप आहे. ते तिघं जातील, त्यांना काही होत नाही. तू घरी चल."

लिफ्टचा पंखा फिरत होता.

"मी चुकले रे," मी म्हटलं. "चल घरी."

दार मिटलं.

एका दमात, सरळ. आकडे खाली उतरत गेले. दहा, नऊ, आठ.

आम्ही दोघी वळलो. घराचं दार उघडंच होतं. रेवती उंबऱ्यापाशी थांबली आणि जरा बाजूला सरकली… कोणाला तरी आधी आत जाऊ द्यावं, तशी. मग आम्ही आत गेलो.

मुलं दोन जानेवारीला परत आली. गाल भाजलेले, ओठ फुटलेले, पण आनंदात. कोणाला साधी सर्दीही झाली नाही. नेगी त्यांना तिथे भेटला तेव्हा आधी त्याने तिघांच्या मागे पाहिलं, मग म्हणाला, "अच्छा किया, नहीं लाए।" बाकी काही नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण मी त्याला घरी चल म्हटलं, आणि त्याने ऐकलं.

तो आमच्याकडेच आहे. दिसत नाही. काही पाडत नाही, कोणाला त्रास देत नाही. हॉलमधला दिवाण आता कोणी वापरत नाही. कोणी ठरवलं नाही, पण पाहुणे आले तरी तिथे बसत नाहीत. "इथे गरम होतंय," म्हणतात आणि खुर्ची ओढून घेतात. दुपारी कधी खोकला येतो. सकाळी दिवाणावरची चादर मीच झटकते. उशीपाशी चादर कोमट लागते.

मला भीती त्याची वाटत नाही. मला वाटतं, मी पुन्हा काहीतरी चूक तर केली नाही ना? तो कदाचित कुठेतरी पुढे निघून जायचा होता. मी त्याला परत घरात आणून ठेवलं. माझं वय झालं. मी गेल्यावर त्याला कोण विचारणार? गुरुजींना विचारायला दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. ते त्याला पाठवायचा विधी सांगतील. त्याला पुन्हा "जा" म्हणणं माझ्याने होणार नाही.

रेवती या विषयावर माझ्याशी आजवर एक शब्द बोललेली नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मला जाग आली. ती ऑफिसातून लवकर आली होती, मला कळलंच नव्हतं. मी खोलीच्या दारात आले.

रेवती दिवाणाशेजारी खाली बसली होती. ऑफिसचेच कपडे, गळ्यात ओळखपत्र. पुढ्यात पितळी वाडगा, त्यात मिठाचं पाणी. ती रुमालाची घडी बुडवत होती, पिळत होती आणि रिकाम्या उशीवर ठेवत होती.

मी बघत राहिले.

घडी ठेवली की तिच्या कडा पांढऱ्या पडत… मग मधला भाग… दोन मिनिटांत कोरडी ठक्क. ती उचलून पुन्हा बुडवायची. किती वेळ करत होती कोण जाणे. तिच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या.

मी परत फिरणार होते. तिने मान वळवली नाही. पण मी आहे, हे तिला कळलं असावं.

"आई," ती हळूच म्हणाली, "पाणी गरम झालं गं. जरा गार आण."

मी वाडगा उचलला आणि पाणी आणायला आत गेले.